अमिग्डाला उजळलाच नाही

आमच्या प्रयोगाला कुणी आलं की पहिलं काम म्हणजे त्याच्या मनगटाला विजेचा झटका द्यायचा. तोही त्याला विचारत विचारत. अगदी कमी करंटपासून सुरुवात करायची. "कसं वाटलं?" "काही कळलंच नाही." जरा वाढवायचा. "आता?" "मुंगी चावल्यासारखं." आणखी जरा. माणूस जिथे म्हणेल की नकोसं वाटतंय पण दुखत नाहीये, तिथे थांबायचं आणि तो आकडा लिहून ठेवायचा. प्रत्येकाचा आकडा वेगळा. सहा फुटी डच मुलगा अगदी खालच्या पातळीवरच हात झटकतो, आणि एखादी अंगाने किरकोळ मुलगी "अजून वाढवा की" म्हणत राहते.

मी नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठात पीएच.डी. केली. विषय असा, की माणूस एखाद्या गोष्टीला भ्यायला शिकतो तेव्हा त्याच्या मेंदूत काय होतं. झटक्याची पातळी ठरली की माणसाला एमआरआय स्कॅनरमध्ये झोपवायचं आणि समोर आळीपाळीने दोन चौकोन दाखवायचे, एक निळा, एक पिवळा. निळ्याच्या पाठोपाठ कधीकधी झटका बसतो, पिवळ्याच्या नंतर कधीच नाही. हे कुणी सांगत नाही, ज्याचं त्याने ओळखायचं. थोड्याच वेळात निळा चौकोन नुसता दिसला तरी बोटांना घाम फुटायला लागतो.

आईला फोनवर हे समजावून सांगितलं तेव्हा तिने आधी विचारलं, "आणि लोक पैसे घेऊन शॉक खायला येतात?" येतात. विद्यार्थी असतात, तासाचे थोडेफार पैसे मिळतात, शिवाय स्वतःच्या मेंदूचं चित्र घरी न्यायला मिळतं, त्याचंच सगळ्यांना जास्त कौतुक. मग ती म्हणाली, "अगं, दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो. हे शोधायला एवढ्या लांब कशाला जायला हवं होतं?" मी हसले, पण पुढे प्रबंधाच्या प्रस्तावनेसाठी मला यापेक्षा बरं वाक्य सापडलं नाही. दुधाने पोळणं हा आमच्या प्रयोगाचा पहिला भाग. ताक फुंकणं, म्हणजे भीती एका गोष्टीवरून तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या निरुपद्रवी गोष्टीवर पसरणं, हा दुसरा भाग. त्यात निळ्या आणि पिवळ्याच्या मधल्या छटांचे चौकोन दाखवायचे. चिंतारोगाने त्रासलेल्या माणसांमध्ये हे पसरणं जास्त होतं, म्हणून या प्रयोगांना महत्त्व.

मेंदूतल्या भीतीबद्दल कुणालाही विचारा, एक नाव हमखास येईल: अमिग्डाला. कानाच्या पातळीवर, मेंदूच्या दोन्ही अंगांना खोल आत दडलेला, बदामाएवढा भाग. पाठ्यपुस्तकात तो 'भीतीचं केंद्र' असतो. ही ख्याती उगीच आलेली नाही. मेंदूशास्त्रज्ञ जोसेफ लेडू आणि इतर अनेकांनी उंदरांवर केलेल्या कामातून हे पक्कं झालं, की आवाज आणि झटका यांची सांगड घालायला उंदराला अमिग्डाला लागतो. तो निकामी केला तर उंदीर आवाज ऐकून थिजत नाही. माणसांमध्ये एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी अमेरिकेतली एक बाई आहे. उर्बाख-वीथ नावाच्या दुर्मीळ आजारात तिचे दोन्ही बाजूंचे अमिग्डाला नष्ट झाले. संशोधकांनी तिला साप-कोळी विकणाऱ्या दुकानात नेलं, तर तिने साप हातात घेतला आणि मोठे, विषारी साप हाताळायलाही ती मागत राहिली. भुताटकीच्या घरात नेलं तर राक्षसाचं सोंग घेतलेल्या नटाला हिनेच बोट टोचून दचकवलं. हा संशोधन-पेपर २०११ चा.

मला स्वतःला या विषयाची गोडी लागली ती एम.एस्सी.च्या सुट्टीत बेंगळुरूला असताना. तिथल्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात, म्हणजे एनसीबीएसमध्ये, सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने दाखवून दिलं होतं की उंदराला दहा दिवस, रोज दोन तास, हलता येणार नाही असं बांधून ठेवलं तर त्याच्या हिप्पोकॅम्पसमधल्या, म्हणजे आठवणी साठवायला मदत करणाऱ्या भागातल्या, पेशींच्या फांद्या आखडतात, पण अमिग्डालातल्या पेशींच्या फांद्या उलट वाढतात. २००२ चं ते काम. ताणाने मेंदूत काहीतरी 'वाढतं' ही गोष्ट तेव्हा डोक्यातून जाईना. पुढे गेलं तर अमिग्डालावरच काम करायचं असं मी ठरवूनच टाकलं. त्याच एस. एम. बाईला २०१३ मध्ये कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा हुंगायला दिल्यावर ती जिवाच्या आकांताने घाबरली होती, म्हणजे अमिग्डाला नसतानाही भीती येऊ शकते, हे मी वाचलं होतं. वाचलं होतं एवढंच. मनावर घेतलं नव्हतं.

युरोपात आल्यावर मला वाटलं होतं, गेल्या गेल्या स्कॅनरपाशी नेतील. प्रत्यक्षात पहिलं वर्ष बरचसं कागदांत गेलं. आधी नीतिमत्ता समितीचा अर्ज. झटका किती मिलिअँपिअरचा, उपकरण कुठलं, माणसाने 'थांबा' म्हटलं तर किती वेळात बाहेर काढणार, स्कॅनमध्ये गाठबिठ दिसली तर कोणाला कळवणार. आणि एक प्रश्न जो मला तेव्हा किरकोळ वाटला: हा डेटा पुढे कोणाकोणाला देणार?

मग पूर्वनोंदणी. तेव्हा मला हा प्रकार नवा होता. प्रयोग सुरू करण्याआधी तुम्ही लिहून द्यायचं, की आमचा अंदाज अमुक आहे, आम्ही इतकी माणसं घेणार, मेंदूतला अमुक भाग अमुक रीतीने तपासणार, अमुक कारणाने एखाद्याचा डेटा बाद करणार. त्यावर तारखेचा शिक्का बसतो आणि तो कागद सगळ्यांना पाहता येतो. नंतर निकाल बघून अंदाज बदलायची सोय राहत नाही. काही नियतकालिकं याच्या पुढे जातात. 'कॉर्टेक्स'ने २०१३ पासून अशी पद्धत सुरू केली, की समीक्षक प्रयोगाआधीच आराखडा तपासतात आणि तो पसंत पडला तर निकाल काहीही येवो, पेपर छापण्याचं तत्त्वतः मान्य करतात. आम्ही नुसती पूर्वनोंदणी केली. आमचा पहिला अंदाज एका ओळीचा होता: निळ्या चौकोनाला पिवळ्यापेक्षा अमिग्डालाचा प्रतिसाद जास्त असेल. माझ्या मार्गदर्शक बाई ते वाचून म्हणाल्या, "हे लिहिताना तुला खात्री आहे ना?" मला वाटलं, हा काय प्रश्न झाला.

स्कॅनरबद्दल थोडं सांगायला हवं, कारण वर्तमानपत्रात येणाऱ्या लाल-पिवळ्या ठिपक्यांच्या चित्रांमुळे लोकांना वाटतं की यंत्राने विचार किंवा भावनेचा फोटो काढला. आमचं यंत्र ३ टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण ६०,००० पट ताकदीचं. चुंबक रात्रंदिवस चालू असतो, दिवे घालवले तरी. त्यामुळे खोलीत शिरण्याआधी झडती: पेसमेकर, दातांतल्या तारा, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, गोंदण. पहिली सहभागी म्हणून मीच झोपले आणि अडलं ते चमकीवर. बारावीनंतर ती नाकातून निघालेलीच नव्हती. सोनं चुंबकाला चिकटत नाही, पण नियम तो नियम. स्वच्छतागृहात साबण लावून, डोळ्यांतून पाणी काढत ती निघाली. पुढे भारतीय मुली प्रयोगाला आल्या की त्यांना आधीच्या ईमेलमध्ये चमकी आणि मंगळसूत्राबद्दल मी वेगळी ओळ लिहायचे. डच सहकाऱ्यांना हे सुचण्याचं काही कारणच नव्हतं.

आत गेल्यावर डोकं उशांमध्ये घट्ट बसवतात, कानात बोळे, त्यावर हेडफोन, हातात एक रबरी फुगा: नको झालं की दाबायचा. एका हाताच्या दोन बोटांना घाम मोजायचे इलेक्ट्रोड, दुसऱ्या मनगटाला झटक्याचे. मग यंत्र सुरू होतं. तो आवाज ज्याने ऐकला नाही त्याला सांगून पटत नाही. पहिल्या पाच मिनिटांत मला वाटलं, या नळकांड्यात भीती मोजायला निळ्या चौकोनाची गरजच काय? विनोद बाजूला ठेवला तरी ही खरी अडचण आहे. मान हलवायची नाही, पळायचं नाही, ओरडायचं नाही. भीती म्हणजे ज्या ज्या गोष्टी करायला शरीर सांगतं, त्या सगळ्या वर्ज्य. उरतं ते मोजायचं.

आणि यंत्र मोजतं काय? मेंदूतल्या पेशींचं काम नव्हे, त्यांच्या आसपासच्या रक्तातल्या प्राणवायूचं प्रमाण. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवलं की प्राणवायू असलेल्या आणि नसलेल्या रक्ताच्या चुंबकीय गुणधर्मांत जो फरक असतो, तो एमआरआयमध्ये टिपता येतो. पेशी कामाला लागल्या की तिथला रक्तपुरवठा वाढतो, पण सावकाश. शिखर गाठायला पाच-सहा सेकंद लागतात. चित्रातला सगळ्यात छोटा ठोकळा, ज्याला व्हॉक्सेल म्हणतात, तो दोन-तीन मिलिमीटरचा असतो आणि त्यात लाखो पेशी मावतात. बेंगळुरूला सूक्ष्मदर्शकाखाली मी एकेका पेशीची फांदी मोजली होती. इथे अख्खा अमिग्डाला काही डझन ठोकळ्यांत संपतो. शिवाय तो बसलाय वाईट जागी. शेजारी हवेच्या पोकळ्या आहेत, त्यामुळे तिथला सिग्नल विस्कटतो, आणि जवळूनच एक मोठी शीर जाते, तिचाही गोंधळ त्यात मिसळतो.

स्कॅनिंगचे महिने धावपळीचे होते. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी यंत्र स्वस्तात मिळायचं, म्हणून आम्ही तेव्हाच जायचो. कुणी वेळ घेऊन यायचंच नाही. कुणी आत झोपून घोरायचं (झटके बसत असताना! मलाही खरं वाटलं नसतं). हिवाळ्यात लोक सायकलवरून गारठलेले हात घेऊन यायचे आणि त्यांच्या बोटांवर घामाचं मोजमाप व्हायचंच नाही, म्हणून आम्ही त्यांना आधी कोमट पाण्यात हात बुडवायला लावायचो. तळहात आणि बोटांवरच्या घर्मग्रंथी थेट अनुकंपी चेतासंस्थेच्या, म्हणजे धोक्यात शरीराला सज्ज करणाऱ्या मज्जातंतूंच्या, ताब्यात असतात. चौकोन दिसल्यावर एक ते चार सेकंदांत तिथली विद्युतवाहकता वर उसळते. पडद्यावर ती रेघ उसळताना बघणं मला शेवटपर्यंत आवडलं. माणूस आत शांत पडलेला, चेहरा दिसत नाही, आणि रेघ सांगतेय की आत्ता याला धसकलंय.

पण बाहेर आल्यावर विचारलं, "निळ्या चौकोनाची भीती वाटली का?" तर कित्येक जण म्हणायचे, "भीती नाही हो. झटका येणार हे कळत होतं, एवढंच." काही जण म्हणायचे, "खूप", आणि त्यांची रेघ सपाट. लेडू स्वतः गेली काही वर्षं सांगतायत की उंदराचं थिजणं आणि माणसाला जाणवणारी भीती या दोन गोष्टी एकाच नावाखाली ढकलू नका. धोका ओळखून शरीराला कामाला लावणारी यंत्रणा वेगळी, आणि 'मी घाबरलोय' ही जाणीव वेगळी. पेपरात वाचताना हा शब्दच्छल वाटला होता. कंट्रोल रूममध्ये बसून माणसामागून माणूस पाहिल्यावर तसा वाटेनासा झाला.

प्रत्येक सत्राच्या शेवटी आम्ही आणखी एक छोटं काम ठेवलं होतं: पडद्यावर घाबरलेले, रागावलेले चेहरे दाखवायचे आणि त्यांची तुलना नुसत्या आकृत्यांशी करायची. अहमद हरीरी यांनी २००२ मध्ये वापरल्यापासून ही चाचणी घराघरांत, म्हणजे प्रयोगशाळाप्रयोगशाळांत पोचली आहे. चेहऱ्यांना अमिग्डाला हमखास प्रतिसाद देतो. तेव्हा यंत्राला अमिग्डाला मुळात दिसतोय की नाही, याची खातरजमा व्हावी हा हेतू. चेहरे तयार संचांतून घेतात. स्वीडनच्या कारोलिन्स्का संस्थेचा १९९८ चा एक संच फार वापरला जातो: ७० हौशी नट, प्रत्येकाचे सात भाव. सगळे राखाडी टी-शर्टातले गोरे तरुण. माझ्याबरोबर काम करणारी एक केरळची मुलगी म्हणायची, हे घाबरलेले नाहीत, यांना नुसतं आश्चर्य वाटलंय. तिचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. जोनाथन हाइट आणि डॅकर केल्टनर यांनी १९९९ मध्ये ओडिशात आणि अमेरिकेत चेहरे दाखवले, त्यात जीभ चावलेल्या बाईचा फोटो होता. ओडिशातल्या लोकांनी तो ओशाळलेपणा लगेच ओळखला, अमेरिकनांना तो नीट लागला नाही. आपल्याकडे शाळेतलं पोरही ओळखेल. पुढच्याच वर्षी अहल्या हेजमाडी आणि सहकाऱ्यांनी नाट्यशास्त्रावरून बेतलेले दहा भाव व्हिडिओवर करून दाखवले, आणि त्यातले बहुतेक मात्र दोन्ही देशांतल्या लोकांनी अंदाजाने येईल त्यापेक्षा कितीतरी चांगले ओळखले. थोडक्यात, मामला सरळ नाही. पण आम्हाला तेव्हा फक्त यंत्राची खातरजमा हवी होती, आणि त्यासाठी स्वीडिश तोंडं पुरेशी होती.

आता विश्लेषण. इथे मला आमच्या क्षेत्राचा सगळ्यात आवडता किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी बाजारातून एक मेलेला सामन मासा आणला, स्कॅनरमध्ये ठेवला आणि त्याला माणसांचे फोटो दाखवून 'या माणसाला काय वाटत असेल' असं रीतसर विचारलं. म्हणजे प्रयोग भावनांचाच. योग्य ती सांख्यिकी दुरुस्ती न करता आकडेमोड केली तर मेलेल्या माशाच्या मेंदूत 'सक्रिय' ठिपके दिसले. हजारो ठोकळे एकाच वेळी तपासले की काही ठिकाणी नुसत्या योगायोगाने फरक दिसणारच. २००९ मध्ये त्यांनी हे परिषदेत पोस्टर म्हणून मांडलं आणि २०१२ मध्ये त्यांना इग्नोबेल, म्हणजे आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं, पारितोषिक मिळालं. तोवर दुरुस्ती न करता छापलेले पेपर काही कमी नव्हते.

दुसरं प्रकरण इतकं हसण्यासारखं नाही. २०१६ मध्ये आन्दर्स एकलुंड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या काही रीतींमध्ये खोटे निकाल अपेक्षित ५ टक्क्यांऐवजी ७० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतात. त्यांनी हे शोधलं कसं? स्वतः एकही माणूस स्कॅन न करता. इतर प्रयोगशाळांनी खुल्या ठेवलेल्या ४९९ निरोगी लोकांच्या स्कॅनवर त्यांनी लाखो वेळा विश्लेषण चालवलं. तो डेटा कपाटात कुलूपबंद असता तर हे बाहेर आलंच नसतं. आणि २०२० मध्ये 'नेचर'मध्ये एक पेपर आला, त्यात १०८ लोकांचा एकच डेटा ७० गटांना दिला आणि तेच नऊ प्रश्न विचारले. एकाही दोन गटांनी अगदी सारखी रीत वापरली नाही, आणि काही प्रश्नांवर उत्तरं बऱ्यापैकी फाकली. ही सगळी अनुभवी माणसं होती, लबाडी कुणाचीच नव्हती. तो पेपर मी माझं स्वतःचं विश्लेषण चालू असताना वाचला आणि पूर्वनोंदणीच्या त्या कागदाबद्दल पहिल्यांदा मनापासून बरं वाटलं. निदान आम्हाला रीत निवडायची मोकळीक नव्हती.

निकाल आला तो असा: घामाची रेघ निळ्याला स्पष्टपणे उसळत होती, म्हणजे लोक शिकले होते. इन्सुला आणि सिंग्युलेटचा पुढचा भाग, हे मेंदूतले दुसरे दोन भाग, झगझगीत. चेहऱ्यांच्या चाचणीत अमिग्डाला दोन्ही बाजूंनी छान. आणि निळ्या चौकोनाला अमिग्डाला? काही नाही. उजवीकडे नाही, डावीकडे नाही.

दोन आठवडे मी फाइली उलटसुलट तपासत होते. बाईंनी शेवटी एक पेपर पुढे सरकवला, जो मी खरं तर आधीच उद्धृत केलेला होता. मिकेल फुल्याना आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अशा प्रकारच्या २७ प्रयोगांचा, ६७७ लोकांचा एकत्रित आढावा घेतला होता, आणि त्यात मेंदूच्या एका विस्तृत जाळ्यात ठाम प्रतिसाद होता, अमिग्डालात नव्हता. मग आम्स्टरडॅमच्या रेनी विसर आणि सहकाऱ्यांचा २०२१ चा पेपर आला, त्याचं शीर्षकच सांगतं की चेहऱ्यांना भक्कम प्रतिसाद आहे, शिकलेल्या धोक्याला नाही, आणि अमिग्डालाच्या लौकिकाबद्दल पुन्हा विचार करायला हवा. आमच्या आकड्यांनी हेच म्हटलं होतं. बाईंना सुरुवातीला तो प्रश्न का विचारावासा वाटला, हे आत्ता कळलं.

याचा अर्थ उंदरांवरचं काम चुकीचं असा नाही. कदाचित धोक्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशी अमिग्डालात थोड्या आणि विखुरलेल्या असतील, शेजारच्या दुसऱ्याच कामाच्या पेशींमध्ये मिसळलेल्या. तीन मिलिमीटरच्या ठोकळ्याच्या सरासरीत त्या बुडतात. कदाचित प्रतिसाद पहिल्या काही वेळांनाच येऊन विझत असेल. १९९८ मध्ये 'न्यूरॉन' या नियतकालिकात आलेल्या दोन पेपरांनी तेच सुचवलं होतं. आणि कदाचित मनगटावरचा मऊसा झटका ही भीती म्हणायच्या लायकीचीच नसेल. मला यातलं पहिलं कारण सगळ्यात पटतं, पण ते आमच्या यंत्राने सिद्ध करता येत नाही.

'काही आढळलं नाही' असं लिहिणं हे 'आढळलं' लिहिण्यापेक्षा फार अवघड असतं. न आढळण्याची शंभर कारणं असतात, त्यातली निम्मी कंटाळवाणी. आम्ही सांख्यिकीतल्या बेझच्या रीतीने हिशेब मांडला, म्हणजे 'फरक दिसला नाही' एवढंच नव्हे तर 'फरक नसण्याच्या बाजूने पुरावा किती' हेही सांगता यावं. मसुदा पूर्ण झाल्यावर आम्ही तो आधी प्रीप्रिंट म्हणून बायोआर्काइव्हवर टाकला. २०१३ पासून जीवशास्त्रातली मंडळी समीक्षेआधीच पेपर तिथे सगळ्यांसाठी मोकळा करतात. एकाने आठवडाभरात ईमेल करून विचारलं की डोळ्यांची हालचाल टिपली होती का. दुसऱ्या एका गटाने कळवलं की त्यांच्याकडेही असाच निकाल दोन वर्षं पडून आहे, छापायचा धीर झाला नाही. हा ईमेल मी कितीतरी जणांना वाचून दाखवला.

समीक्षक तीन होते. पहिल्याने दोन परिच्छेदांत गोडवे गाऊन वाक्यरचनेच्या चुका काढल्या. तिसऱ्याने सांख्यिकीवर चार पानं लिहिली आणि त्यातली साडेतीन पानं बरोबर होती, पेपर त्याच्यामुळे सुधारला. दुसऱ्याचं म्हणणं असं, की अमिग्डाला दिसत नाही म्हणजे तुमच्या स्कॅनिंगमध्येच दोष. फरक खरा मानायचा सांख्यिकी उंबरठा जरा खाली आणून पाहा, किंवा अमिग्डालाच्या एखाद्या उपभागावर लक्ष द्या, म्हणजे दिसेल. आम्ही उत्तरात तीन गोष्टी जोडल्या. त्याच माणसांचा चेहऱ्यांचा निकाल, ज्यात अमिग्डाला ठळक होता. पूर्वनोंदणीची तारीख. आणि ते सांगतात तसं विश्लेषण करून त्याचा निकाल, पुरवणीत, 'आधी ठरवलेलं नव्हतं' अशा स्पष्ट शिक्क्यासह. तो पुन्हा काही बोलला नाही. संपादकाने पेपर घेतला.

नियतकालिक निवडतानाही बरीच चर्चा झाली, कारण तेव्हाच आमच्या क्षेत्रात मोठा भूकंप झाला होता. एप्रिल २०२३ मध्ये 'न्यूरोइमेज' या आघाडीच्या नियतकालिकाच्या चाळीसहून अधिक संपादकांनी एकत्र राजीनामा दिला. एक पेपर खुला छापायला लेखकाकडून ३,४५० डॉलर घेतले जायचे, ते कमी करायला प्रकाशक तयार नव्हता. या मंडळींनी एमआयटी प्रेसबरोबर 'इमेजिंग न्यूरोसायन्स' सुरू केलं. युरोपातल्या विद्यापीठाला ३,४५० डॉलर जड असतील, तर पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या विभागाने काय करायचं? माझ्या जुन्या सरांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "आम्ही अजून वाचायलाच पेपर मिळवतोय, छापायचं नंतर बघू." प्रीप्रिंटचा खरा उपयोग मला त्या वाक्यात कळला.

उरला डेटा, आणि पहिल्या वर्षी किरकोळ वाटलेला तो समितीचा प्रश्न. डोक्याच्या एमआरआयमध्ये मेंदूबरोबर चेहराही येतो, नाक, ओठ, सगळं. मायो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ८४ जणांच्या स्कॅनवरून चेहरे उभे केले, आणि चेहरा ओळखणाऱ्या साध्या सॉफ्टवेअरने त्यातले ८३ टक्के फोटोंशी बरोबर जुळवले. म्हणून डेटा देण्याआधी प्रत्येक स्कॅनमधला चेहरा पुसावा लागतो. सॉफ्टवेअर पुसतं, पण एकेक डोळ्याखालून घालावंच लागतं, कारण कधी ते नाकाचा शेंडा ठेवतं तर कधी मेंदूचा तुकडा कापतं. संमतीपत्रात आम्ही डेटा खुला करण्याची वेगळी चौकट ठेवली होती. बहुतेकांनी तिथे खूण केली होती. ज्यांनी केली नव्हती त्यांचे स्कॅन वगळले आणि तसं स्पष्ट लिहिलं. युरोपातल्या २०१८ च्या खासगीपणाच्या नियमांमुळे वकिलांशीही बोलावं लागलं, त्यात काही आठवडे गेले.

मग फाइलींची नावं. बिड्स नावाचा २०१६ चा एक संकेत आहे: कुठल्या फोल्डरात काय असेल, फाइलला नाव कसं द्यायचं, कुठली माहिती सोबतच्या कागदात लिहायची. ऐकायला हे कारकुनी काम वाटतं, आणि तसं ते आहेही. पण सगळे एकाच रीतीने मांडतात म्हणून कोरियातला विद्यार्थी माझा डेटा एका आज्ञेत चालवू शकतो. शेवटी सगळं ओपनन्यूरो या मेंदूच्या स्कॅनच्या खुल्या संग्रहावर चढवलं, पेपरातले सांख्यिकी नकाशे वेगळे, न्यूरोव्हॉल्ट या तशाच नकाशांच्या संग्रहावर, आणि विश्लेषणाचा कोड त्याच्या जागी.

काही महिन्यांनी एका अनोळखी विद्यार्थ्याचा ईमेल आला. चौकोन दिसण्याच्या वेळा तुम्ही पहिल्या स्कॅनपासून मोजल्यात की सुरुवातीचे स्कॅन टाकून दिल्यावर? यंत्राचा सिग्नल स्थिरावेपर्यंतचे पहिले काही स्कॅन आम्ही नेहमीप्रमाणे वगळले होते, आणि वेळा त्यानंतरच्या होत्या. तसं उत्तर दिलं आणि सोबतच्या माहितीपत्रकात ती ओळ वाढवली. तो फक्त पहिल्या काही निळ्या चौकोनांचा वेगळा हिशेब करतोय, अमिग्डाला सुरुवातीलाच उजळून विझतो का ते बघायला. इतर प्रयोगशाळांचे असेच खुले डेटा त्याने गोळा केलेत. आकडे अजून यायचेत. मी त्याला एवढंच विचारलं, की पूर्वनोंदणी केलीस का. केली होती, दुवाही पाठवला.